सहाव्या महिन्यात गिटार कपाटामागं का जाते? (सोलापूर, मुलांना रॉक शिकवणारे)

सहावी_तार

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला राहतो. ११ वर्षं मुलांना गिटार शिकवतोय, त्यातली गेली ७ वर्षं फक्त रॉक. मुलं ९ ते १७ वयाची. स्वतःही वाजवतो, कार्यक्रम मिळेल तिथं.

माझ्याकडं आलेल्या दर दहा मुलांमधली सहा-सात सहाव्या महिन्याच्या आसपास सोडून जातात. बरीच वर्षं मला वाटायचं, बोटं दुखतात म्हणून. "सर, लई दुखायलंय ओ" हे पहिल्या महिन्यात प्रत्येक जण म्हणतो. पण बोटांची टोकं तीन-चार आठवड्यांत निबर होतात, दुखणं संपतं. सोडून जातात ती मुलं त्यानंतर जातात, म्हणजे हात तयार झाल्यावर, कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गट) न अडखळता बदलायला लागल्यावर. मग वाटलं, दहावी. पण सातवीतलीही जातात.

मागच्या महिन्यात एक मुलगा तीन आठवडे आला नाही म्हणून जुळे सोलापुरात त्याच्या घरी गेलो. गिटार कपाटामागं, कव्हरची चेन लावलेली. त्याच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, "वाजवतो ओ सर, पण एकटाच किती वाजवणार?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी स्वतः कसा शिकलो? नव्या पेठेतून कॅसेट आणायची आणि मित्राच्या गच्चीवर चौघांनी जमायचं. एकाकडं गिटार, एकाकडं त्याच्या आजोबांची पेटी, एक जण तेलाच्या रिकाम्या डब्यावर, चौथा गायचा. धड एक कॉर्ड लागत नव्हता तेव्हाही आम्ही चौघं मिळून बँड होतो, वादक पुष्कळ नंतर झालो. आणि आज मीच मुलांना एकेकटं समोर बसवतो, ४५ मिनिटं, मध्ये पुस्तकाचा स्टँड. रॉक हे चार माणसांनी मिळून करायचं संगीत. त्यातला एक कोपरा कापून मी मुलाच्या हातात देतो आणि त्यानं त्यावर प्रेम करावं अशी अपेक्षा धरतो.

म्हणून विचारतोय. अगदी पहिल्या महिन्यापासून मुलांना एकत्र वाजवायला बसवलंय का कुणी? कच्च्या हातांनी काय वाजवून घेतलंत? वयं वेगळी असतील तर कसं जमवता? पालकांनाही लिहायला सांगा, त्यांचं ऐकायचंय.

पूर्वभागातली_आई

सर, माझा मुलगा १२ वर्षांचा. ड्रम शिकतोय, दुसऱ्या एका सरांकडं. आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला, खाली आमचेच यंत्रमाग. घरात तेलुगू, शाळेत मराठी. जन्मल्यापासून तो मागाच्या आवाजातच झोपलाय. सरांनी त्याला मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक, लावून सराव करायला सांगितलं, तर तो खाली जाऊन मागाजवळ रबरी पॅड घेऊन बसायला लागला. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं जातो, खट, खट. त्यावर तो दोन काठ्या चालवतो. त्याच्या वडिलांना आधी राग यायचा, आता तेही उभे राहून ऐकतात.

पण तुमच्या त्या मुलाच्या आईसारखंच माझंही म्हणणं आहे. आठवड्यातून दोनदा एकटा जातो, एकटा येतो. दिवाळीत भाचा कीबोर्ड घेऊन आला होता, तेव्हा दोघं पाच तास उठले नाहीत. जेवायला बोलावून बोलावून थकले मी.

तुम्ही असं काही करणार असाल तर पाठवते. दोनच गोष्टी. खोलीचं दार उघडं असावं आणि आम्हाला कधीही येऊन बसता यावं. आणि रात्री आठच्या आत मुलं घरी पोचावीत.

हलगी_ते_स्नेअर

दादा, मी मूळ होटगी रोडचा, आता पुण्यात ड्रम वाजवतो आणि शिकवतो. तुमच्या मनात जे आलंय त्यावर बाहेर बरंच काम झालंय. लंडनच्या लूसी ग्रीन या प्राध्यापिकेनं रॉक-पॉप वादक प्रत्यक्षात कसे घडले, याचा अभ्यास केला आणि २००२ साली तो प्रसिद्ध केला. त्यात दिसतं ते हेच: स्वतः निवडलेलं गाणं, रेकॉर्डिंगवरून कानानं उचललेलं, मित्रांच्या घोळक्यात, शिक्षक असला तर कडेला. त्याच विचारावर २००३ पासून इंग्लंडच्या शाळांत 'म्यूझिकल फ्यूचर्स' नावाचा उपक्रम चालला. अमेरिकेत डेव्हिड विश नावाच्या पहिलीच्या वर्गशिक्षकानं १९९६ साली आपल्या वर्गातल्या मुलांना गिटार शिकवायला सुरुवात केली, त्यातून 'लिटल किड्स रॉक' ही संस्था उभी राहिली. त्यांचं म्हणणं साधं आहे: मूल बोलायला शिकतं ते व्याकरणाआधी. चुका करत, घरातल्या मोठ्यांशी बोलत शिकतं. वाजवणंही तसंच शिकू द्या.

आता माझा अनुभव, कारण लंडन-अमेरिकेपेक्षा आपल्या मुलांचे कान वेगळे आहेत. आपलं मूल टाळी पहिल्या मात्रेवर देतं. आरतीत, भजनात, शाळेच्या समूहगीतात, सगळीकडं पहिली आणि तिसरी. रॉकमध्ये चारातल्या पहिल्या-तिसऱ्यावर पायातला मोठा ड्रम असतो आणि स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा छोटा ड्रम, कडाडतो दुसऱ्या-चौथ्यावर. हा बॅकबीट. हे मी कागदावर कितीही समजावलं तरी मुलं पंधरा सेकंदांत परत पहिल्यावर टाळी द्यायला लागायची.

उपाय मला सोलापूरनंच दिला. लहानपणी गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या मंडळाची लेझीम प्रॅक्टिस चालायची. पाय एक बोलतोय, हात दुसरं, आणि हलगी तिसरंच. तेच मुलांना करायला लावतो. सगळ्यांनी वर्तुळात चालायचं, डावा-उजवा, डावा-उजवा. टाळी फक्त उजव्या पायावर. दहा मिनिटं, वाद्य नाही. मग डाव्या पायाच्या जागी तोंडानं "धुम", उजव्याला "टाक". ड्रमसेटवर बसण्याआधीच मुलाच्या अंगात बॅकबीट गेलेला असतो. ज्या मुलानं लेझीम खेळलीय त्याला हे पहिल्या दिवशी येतं. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांतल्या मुलांना महिना लागतो, हे मी प्रत्यक्ष पाहतोय.

आणि पूर्व भागातल्या ताई, तुमच्या मुलाला म्हणावं, धोटा एकीकडून सुटतो ते "एक" आणि दुसरीकडून परततो ते "दोन". स्नेअर परतीच्या खटवर मार. घरात एवढा चांगला साथीदार फार थोड्यांकडं असतो.

दादरा_केरवा

मी बाळे भागात तबला शिकवतो. वय ५८. आपला विषय नाही म्हणून गप्प बसणार होतो, पण मुलांचा प्रश्न आहे.

कच्चे हात एकत्र बसवले की एकमेकांच्या चुका पक्क्या होतात, ही माझी भीती आहे. आमच्याकडं मुलगा वर्ष-वर्ष 'ना धिं धिं ना' वाजवतो. कंटाळतो, पण त्या कंटाळ्यातून बोट नीट पडायला लागतं. चुकीच्या जागी बसलेलं बोट पुढं काढायला दुप्पट वर्षं जातात. शिकवण्याची घाई आणि शिकण्याची घाई, दोन्हीनं नुकसान होतं. तुम्ही बँड जरूर करा, पण एकट्याचा रियाज सोडू नका, एवढी विनंती.

एक विचारायचं होतं. तुमच्या संगीतात गिटारवर जो जाड, भरलेला आवाज येतो तो कोणता स्वरसमूह? नातू ऐकतो तेव्हा मला त्यात तानपुऱ्याची आठवण होते. मुलांना हसू येतं, पण मला खरंच तसं ऐकू येतं.

सहावी_तार

सर, तुमचा कान अगदी बरोबर आहे. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि त्यात फक्त षड्ज आणि पंचम असतो. गंधार मुद्दाम काढलेला असतो. कारण असं: आवाज फाडून मोठा केला, ज्याला आम्ही डिस्टॉर्शन म्हणतो, की दोन स्वरांच्या मिश्रणातून आणखी नवे स्वर निर्माण होतात. सा आणि प यांचं प्रमाण २ ला ३ इतकं सरळ, त्यामुळं ते नवे स्वरही त्यांच्याच कुळातले निघतात आणि आवाज स्वच्छ, भारदस्त राहतो. गंधार घातला की गढूळ होतं. तानपुरा आणि फाटलेली गिटार, दोघांचा पाया एकच.

शिकवणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे. पूर्ण कॉर्डला तीन-चार बोटं लागतात, पॉवर कॉर्डला दोन पुरतात, आणि हाताचा तोच आकार नुसता वर-खाली सरकवायचा. नऊ वर्षांचं मूल दुसऱ्या आठवड्यात तीन पॉवर कॉर्ड धरतं. सा, म आणि प या तीन जागांवर बारा मापांचं (एक माप म्हणजे चार मात्रा) ब्लूजचं, म्हणजे रॉकच्या आधीच्या अमेरिकी संगीताचं, चक्र फिरतं आणि रॉकचा अर्धा संसार त्यावरच उभा आहे. वरून सुरावट वाजवायची तर धानी रागाचे पाच स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. ब्लूज आणि रॉकमधली सगळ्यात जास्त वापरली जाणारी पाच स्वरांची रचना तीच आहे. पेटी शिकलेल्या मुलीला मी "धानी वाजव" म्हणालो आणि ती पहिल्याच दिवशी ब्लूजवर सोलो वाजवत होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

रियाजाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि टोचलंही. एकट्याचा रियाज हवाच. मला बदलायचाय तो क्रम. आज मूल रियाज करतं कारण सर म्हणाले. शनिवारी तीन मित्र वाट बघतायत आणि माझ्यामुळं गाणं अडतंय, हे कळल्यावर जो रियाज होतो तो वेगळा असतो.

आणखी एक मनात साठलेलं लिहितो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत गॅदरिंगसाठी पाच मुलांचा बँड बसवला होता, तीन महिने खपून. आदल्या दिवशी सांगण्यात आलं की आवाजाचा भरवसा नाही, मागून ट्रॅक लावू, मुलांनी नुसते हात हलवावेत. मी नाही म्हणालो. कार्यक्रमातून आमचं नाव गेलं. त्या पाचातल्या एकानं मला विचारलं, "सर, आपण इतकं वाईट वाजवतो का?" त्या दिवसापासून एक नियम पाळतो. मूल रंगमंचावर जे करेल ते त्याच्या हातचं असेल, चुकलं तरी.

बेसवाली_१६

मी अकरावीला आहे आणि बेस गिटार वाजवते. पहिल्यांदाच लिहितेय.

पहिल्या क्लासला गेले तेव्हा मला युकुलेली (गिटारसारखं छोटं वाद्य) दाखवली, मग कीबोर्ड. मुलींना हेच सोपं जातं म्हणाले. मी बेसकडं बोट दाखवलं तर म्हणाले, हात पुरणार नाहीत. बेसची तार साधारण ३४ इंचांची असते हे खरं आहे, पण ३० इंचांचे छोटे बेससुद्धा मिळतात, हे कुणी सांगितलंच नाही. मी स्वतः शोधलं. आता ३४ वर वाजवते, हात पुरतात.

शिकवणाऱ्या सगळ्यांना सांगायचंय की बँडमध्ये सगळ्यात आधी आत येण्याचं दार बेस आहे. चार तारा, एका वेळी एकच स्वर. तीन स्वर आले की संपूर्ण गाण्यात तुमची जागा असते, आणि तुम्ही थांबलात की सगळ्यांना कळतं काहीतरी गेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा महत्त्वाची वाटले ती तेव्हा.

अमेरिकेत पोर्टलंडला २००१ पासून मुलींसाठी रॉक कॅम्प सुरू झाला. ज्यांनी कधी वाद्य धरलं नाही अशा ८ ते १८ वयाच्या मुलीही यायच्या. आठवडाभरात बँड करायचा, स्वतःचं गाणं लिहायचं आणि शेवटच्या दिवशी लोकांसमोर वाजवायचं. मी हे वाचलं तेव्हा रात्रभर झोपले नाही. सोलापुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत असं का होऊ नये?

आणि सर, गाणं इंग्रजीतच का? आम्ही शब्द पाठ करतो, अर्थ निम्मा कळत नाही, मग गाताना डोळे जमिनीकडं जातात. इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड १९९० पासून आपल्या भाषांत गातोय. माझ्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, सगळ्या बोलणारी मुलं आहेत. आमच्या भांडणाची भाषासुद्धा चार भाषांची मिसळ आहे. त्या भाषेत गाणं लिहून बघायचंय मला. "काय करूलालास बे" ही ओळ चार मात्रांत कशी बसते ते एकदा म्हणून बघा.

रेल्वे_लाइन्स

परीक्षांबद्दल लिहितो, कारण पालकांना तोच आधार वाटतो. शास्त्रीयच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. रॉकसाठीही परीक्षा आहेत: लंडनच्या रॉकस्कूलच्या १९९१ पासून, ट्रिनिटी या तिथल्याच दुसऱ्या परीक्षा मंडळाच्या रॉक अँड पॉप २०१२ पासून. माझ्या मुलीनं ट्रिनिटीच्या दोन ग्रेड दिल्या. तीन गाणी मागं लावलेल्या रेकॉर्डिंगबरोबर, म्हणजे ट्रॅकबरोबर, वाजवायची, शिवाय समोर आलेलं तिथल्या तिथं वाजवून दाखवायचं. तिला छान गुण मिळाले, शिस्त लागली, मी नाव ठेवणार नाही.

पण नंतर मामेभावांबरोबर वाजवायला बसली आणि दुसऱ्या कडव्यात रडवेली झाली. ड्रमवाला भाऊ घाई करत होता. ट्रॅक कधी घाई करत नाही, कधी विसरत नाही, तिच्याकडं बघतही नाही. समोरच्याकडं बघून आपण हळू व्हायचं की त्याला आवरायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. परीक्षा जरूर द्या, पण त्या वर्षात बँडही असू द्या.

कानांसाठी

मी कान-नाक-घसा विभागात काम करते. कृपया हे गांभीर्यानं घ्या.

प्रौढ कामगारांसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रमसेट सहज १०० पर्यंत जातो. मुलांच्या बाबतीत याहून जास्त काळजी घ्यायला हवी. कानाच्या आतल्या ज्या केसपेशी मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

करण्यासारखं बरंच आहे. ड्रमवर रबरी पॅड किंवा जाड टॉवेल टाका, टॉवेलला आपल्या गावात तोटा नाही. खोलीच्या दोन भिंतींना जुन्या सोलापुरी चादरी दोन-दोन पदरी लटकवा, खणखणाट कमी होतो. ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) जमिनीवर ठेवला की मुलाच्या पायाला ऐकू येतो आणि तो आवाज वाढवत जातो. खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवा. वादकांसाठीचे इअरप्लग मुलांना पहिल्या दिवसापासून घालायला लावा, सायकलच्या हेल्मेटसारखी सवय झाली पाहिजे. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं शांतता. क्लासनंतर कानात 'कुंई' वाजत असेल तर त्या दिवशी आवाज जास्त झाला, हे मुलांना स्वतःला ओळखायला शिकवा. आणि मागाजवळ बसून सराव करणाऱ्या मुलालाही प्लग द्या, ताई. माग फार मोठा आवाज करतात.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५. सकाळची वेळ निवडा.

पूर्वभागातली_आई

मॅडम, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मुलाला आजच प्लग आणते, आणि त्याच्या वडिलांनाही.

हलगी_ते_स्नेअर

दोन गोष्टी वाद्यांबद्दल. सगळे म्हणतात, आधी अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी, पोकळ पेटीची) गिटार, मग इलेक्ट्रिक. लहान मुलासाठी मला हे पटत नाही. अकूस्टिकची सगळ्यात बारीक तार बहुधा ०.०१२ इंच, इलेक्ट्रिकची ०.००९, आणि तार फळीपासून कमी उंचीवर. दुखणं निम्मं होतं. रॉक शिकायला आलेल्या मुलाला रॉकचाच आवाज पहिल्या दिवशी मिळू द्या, हेडफोनवर का होईना.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ ला, पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत गिटार ठेवली की डिंक मऊ पडतो, ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उचकटतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला टोचायला लागतात. मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दर दोन महिन्यांनी प्रत्येक मुलाची गिटार शिक्षकानं स्वतः हातात घेऊन बघावी.

सहावी_तार

मंडळी, काल शनिवारी करून बघितलं.

चार जण: जुळे सोलापूरचा तो मुलगा, पूर्व भागातला ड्रमर, बेसवाली ताई (आई-वडिलांना घेऊन आली), आणि माझ्याकडची १० वर्षांची पेटीवाली, कीबोर्डवर. माझ्या वरच्या मजल्यावर, दार उघडं, भिंतींना चादरी, सगळ्यांच्या कानांत प्लग. तबल्याच्या सरांना मी फोन करून बोलावलं होतं, ते कोपऱ्यात खुर्चीवर बसले.

पहिली वीस मिनिटं वाद्यं बंद, वर्तुळात चालणं. मग फक्त दोन पॉवर कॉर्ड, चार-चार मापं. सात-आठ वेळा कोसळलं. मी मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते फार अवघड गेलं. नवव्या वेळी ड्रमर पळायला लागला, मिनिटाला ८० ठोक्यांवरून जवळजवळ ११० वर. मी हात वर करणार तेवढ्यात बेसवालीनं त्याच्याकडं तोंड केलं आणि मान हलवून मोठा "एक" दाखवला. तो तिच्याकडं बघत राहिला आणि हळूहळू जागेवर आला. तीन मिनिटं वाजलं. संपल्यावर कुणी काही बोललं नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले, तेलुगूत सुद्धा.

तबल्याचे सर उठून ड्रमरजवळ गेले आणि त्याची काठीवरची पकड दुरुस्त केली, दोन बोटं जरा पुढं. म्हणाले, "हे रोज घरी दहा मिनिटं, एकट्यानं." त्यानं पाया पडून हो म्हटलं. पुढच्या शनिवारीही ते येणार आहेत.

जुळे सोलापूरचा मुलगा जाताना गिटार माझ्याकडं ठेवतो म्हणाला, बसमध्ये गर्दी असते म्हणून. मी नको म्हणालो. घरी लागेल तुला. त्यानं थोडा विचार केला आणि पाठीला लावून घेऊन गेला.

हे दर शनिवारी सकाळी १० ते १२ चालू ठेवतोय, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तरी. आणखी एक ड्रमर आणि गाणारं कुणी मिळालं तर दुसरा बँड होईल. भाषा कोणतीही चालेल. बेसला वेगळा ॲम्प नाही, कुणाकडं पडून असेल तर इथं सांगा, मी येऊन घेऊन जातो.

बेसवाली_१६

सर, मामाकडं एक आहे. एक वायर तुटलीय, बाकी चालतो. शनिवारी आणते.